प्रज्ञाचा कागद कुठे आहे?

प्रज्ञा डेंग्यूने गेली. आत्महत्येने नाही.

आधीच सांगतो, कारण सकाळपासून लोक फोनवर आवाज बारीक करून "तसं काही नाही ना?" विचारतायत. नाही. डास चावला. ट्रान्स माणसांनाही डास चावतात.

ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि सविस्तर लिहून काढायच्या, हेच तिचं काम. आज ते मी करतो. नावं तेवढी लिहीत नाही.

आम्ही दोघं हिंजवडीत एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये होतो. दोघंही ट्रान्स; ऑफिसच्या लेखी ती पुरुष, मी बाई. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

एका शुक्रवारी एचआरने वेलनेस वर्कशॉप ठेवलं. वीस मिनिटं मनातलं लिहायचं. एचआर मॅडम म्हणाल्या, "मोकळेपणाने लिहा, कोणीही वाचणार नाही. जाताना कागद बॉक्समध्ये टाका, आम्ही श्रेड करू."

मी आईच्या गुडघेदुखीवर दीड पान लिहिलं.

प्रज्ञाने खरं लिहिलं.

कंपनीच्या बसमध्ये मला म्हणाली, "अरे, काय हलकं वाटतंय! डोक्यावरून सिलिंडर उतरवल्यासारखं."

"पण कागद दिलास कशाला?"

"श्रेड करणार आहेत ना."

एवढीच तिची चूक. शब्दावर विश्वास ठेवला.

दोन आठवड्यांनी मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. "साडीबिडी घरी ठीक आहे हो, पण ऑफिसात नेसलात तर क्लायंट अनकम्फर्टेबल होईल."

साडी नेसून ऑफिसला यायचंय, हे तिने जगात फक्त त्या कागदाला सांगितलं होतं. मलासुद्धा नाही.

प्रोजेक्टवरून काढलं. चार महिने बेंचवर, म्हणजे खुर्ची आहे, पगार आहे, काम नाही. कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसेना. शेवटी तिने राजीनामा दिला.

मी तेव्हा गप्प बसलो. स्वतःचं गुपित वाचवत होतो. त्याची लाज वाटते, अजूनही वाटते.

त्यांना वाटलं असेल, बाई आता जन्मात पेन धरणार नाही.

तिने वारज्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी आमच्यासारख्यांना लिहायला बसवायला सुरुवात केली. वीस मिनिटं, मग चहा-पोहे. शिकवणं नाही, उपदेश नाही. नियम एकच: आपला कागद आपल्या पिशवीत.

"शुद्धलेखन चुकू दे रे," म्हणायची, "इथे अप्रेझल नाहीये."

कात्रजहून एक काका यायचे. पन्नाशीपर्यंत बाई म्हणून जगलेले. तीन रविवार त्यांनी पानभर फक्त स्वतःचं नवीन नाव लिहिलं. चौथ्या रविवारी पहिलं वाक्य लिहिलं आणि एकटेच हसत बसले. काय लिहिलं, कोणी विचारलं नाही. आता त्यांची बडबड थांबवावी लागते.

मला गोळीशिवाय झोप लागायला लागली, ती त्याच रविवारांमुळे.

प्रज्ञाची आई वर्ध्याची. जिल्हा परिषदेत आवक-जावक क्लार्क होत्या. आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करायची, देणाऱ्याला पोच द्यायची. लेकीला लेक म्हणायला त्यांना चार वर्षं लागली. मग एका रविवारी त्याही येऊन बसल्या, आणि लिहिलं अर्जासारखं. स्वतःच उभं राहून वाचून दाखवलं.

"विषय: माझी मुलगी प्रज्ञा हिच्याकडे दुर्लक्ष केल्याबाबत."

त्या दिवशी प्रज्ञा जेवढी रडली, तेवढी राजीनाम्याच्या दिवशीही रडली नव्हती.

आता आजचं ऐका.

मॅनेजरसाहेबांनी सकाळीच पोस्ट टाकली. "प्रज्ञा आमच्या परिवाराचा भाग होती." परिवाराचा! नंतर एचआर मॅडमचा मला फोन.

"तू तिच्या क्लोज होतीस ना?"

"होतास."

"सॉरी, सॉरी. तर तू क्लोज होतीस म्हणून विचारते. तिच्या वहीतलं एखादं पान मिळेल? हँडरायटिंगमध्ये असेल तर अजून छान. कंपनीच्या पेजसाठी आम्ही श्रद्धांजलीचं क्रिएटिव्ह करतोय."

फोन स्पीकरवर होता. प्रज्ञाच्या आई समोरच बसल्या होत्या, लेकीच्या वह्या मांडीवर घेऊन. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"बाई, तुमच्या वर्कशॉपात माह्या पोरीचा एक कागद घेतला होता. पोच दिली होती का?"

आईंनी पिशवीतून पेन काढलं.

"कोणाच्या टेबलावर गेला? वाचला कोणी? नोंद असन ना?"

"काकू, इतकी जुनी गोष्ट..."

"मी तीस वर्षं कागद सांभाळले बाई. कागद आपल्या पायानं चालत नाही. आधी तो आणून द्या, मंग पान मागा."

फोन कट झाला. आमच्याकडून नाही.

मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, म्हणून इथेच सांगतो. मी रोज फोन करणार आहे. सकाळी साडेदहाला, तुमची मीटिंग सुरू होते तेव्हा. ब्लॉक केलंत तर काका करतील. आई म्हणतात, त्या स्वतः रिसेप्शनला येऊन बसतील. रिटायर्ड आहेत, डबा घेऊन येतील.

साहेब, तुम्ही खुशाल परिवार-परिवार खेळा. प्रत्येक पोस्टखाली मी हाच प्रश्न विचारणार.

आणि बाकीच्यांनो, "तिने मोठ्या मनाने माफ केलं असतं" वगैरे कमेंट टाकू नका. हॉस्पिटलमध्ये मी तिला विचारलं होतं. "नाही," म्हणाली, आणि पाणी मागितलं.

पुण्यानुमोदन रविवारी सकाळी दहाला, वारज्याच्या घरीच. या. येताना पेन आणा.

जय भीम, प्रज्ञा.

श्रद्धांजली मागाहून वाहतो. आधी तुझा कागद आणतो.