मामींनी फूल आपटलं त्याची गोष्ट

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सासूला माती देताना मला हसू आलं.

चांगलं मोठ्यानं. पदर तोंडात कोंबला तरी दाबलं गेलं नाही. पाहुण्यारावळ्यांत त्याची चर्चा अजून चालू आहे, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आमच्या मामी, म्हणजे माझ्या सासूबाई; सासरे ते मामा. माहेर सेलूचं. पक्क्या लिंगायत. भेटेल त्याला नमस्कार ‘शरणू शरणार्थी’, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेला हाड नाही.

डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं तेव्हा मी इनडोअरला बॅडमिंटन लावलं. परभणीत त्या हॉलला पूर्ण नावानं कुणी ओळखत नाही. कबड्डी तिथंच, कव्वाली तिथंच, शाळांची गॅदरिंग तिथंच. सगळं आपलं ‘इनडोअरला’.

दोन-चार दिवस गेले आणि मामी मागोमाग हजर.

“सून सकाळी सकाळी बूट घालून कुठं जायलीय, ते बघाया आले,” असं त्यांनी कोचला सांगितलं. मला नाही.

पायरीवर बसून बघत होत्या. शटलला आम्ही सगळे फूलच म्हणतो. ते माझ्याकडून पडलं आणि कोच ओरडले, “फूल उचला.”

माझ्याआधी मामी उठल्या. फूल उचललं, पदरानं पुसलं, कपाळाला लावलं.

“खाली पडलेलं फूल देवाला चालत न्हाई, शिल्पा. पडू द्यायचंच कशाला?”

झालं. आठवडाभरात मामी कोर्टवर. साडी खोचलेली, पायात माझ्या नवऱ्याचे जुने बूट.

आणि खरं सांगते, त्यांनी फूल पडू दिलंच नाही. कोपऱ्यात टाका, नेटजवळ टाका, मामी तिथं. पण स्मॅश? नाव काढायचं नाही.

“फूल काय आपटायची वस्तू हाय का?”

कोचनं हात टेकले.

मग लेडीज डबल्सची टूर्नामेंट लागली. मामींनी आमच्या दोघींची नावं परस्पर देऊन टाकली. मी म्हटलं, मामी, गावात हसं होईल आपलं.

“होऊ दे. शोकेसमधी तुझ्या नवऱ्याचे कप हायेत, दिराचे हायेत. मामांचा भजनाचा सुद्धा हाय. ह्या घरात माझ्या नावाचे कप निस्ते चहाचे.”

तेव्हापासून तो कप त्यांच्यापेक्षा मलाच जास्त हवा झाला.

पडत-धडपडत फायनलला पोचलो. समोर नसीमआपा आणि त्यांची लेक. आपांचं बांगड्यांचं दुकान आहे. रोज सकाळी मामींशी खेळायच्या, पॉइंटवरून भांडायच्या आणि मग दोघी एका डब्यातलं खायच्या.

नेमका त्याच संध्याकाळी इनडोअरला ऑर्केस्ट्रा. आमची मॅच चालू, आणि एका टोकाला ठाकठूक करत स्टेज पुढं पुढं सरकायलेलं.

आयोजक म्हणाले, “ताई, आवरा लवकर. स्टेज कोर्टाला लागलं की मॅच बंद. मग चिठ्ठी टाकून कप देऊ.”

“चिठ्ठीचा कप मी घरात घेणार न्हाई,” मामी म्हणाल्या.

पण मॅच संपायची कशी? मामी फूल पडू देईनात, आणि आपटेनात.

नसीमआपा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगे माँ, ये बाई हे के भिंत?”

त्यात तो साउंडवाला. मामी सर्व्हिसला उभ्या राहिल्या की नेमकं, “हॅलो, चेक, चेक.”

मामी थांबल्या. “बाबा, तुझं होऊ दे आधी.”

सगळा हॉल हसला. तो माईकवरूनच म्हणाला, “सॉरी मामी. मारा तुमी.” आणि कामधंदा सोडून कॉमेंट्री करायला लागला.

स्टेजच्या फळ्या मागच्या रेषेला टेकायला आल्या. आम्हाला एकच पॉइंट हवा होता. आयोजकांनी शिट्टी तोंडात धरली.

आपांनी फूल उंच उडवलं. ते आरामात मामींच्या डोक्यावर आलं.

मी ओरडले, “मामी, आपटा.”

मामींनी वर बघितलं.

“माफ कर रे महादेवा.”

आणि असं आपटलं की फुलाचं एक पीस तुटून नेटला अडकलं.

माईकवरून आवाज आला, “जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् परभणीत आमच्या मामी.” ऑर्केस्ट्राच्या ढोलकीवाल्यानं लगेच ठेका धरला. मी तर कोर्टवरच नाचले.

मामी मात्र नेटखालून वाकून पलीकडं गेल्या. फूल उचललं, पुसलं, कपाळाला लावलं आणि नसीमआपांच्या हातात दिलं.

“ठिव तुझ्यापशी. लय लागलं असंल त्याला.”

घरी आल्या आल्या मामांचा भजनाचा कप मागं गेला, मामींचा पुढं. तेव्हापासून पाहुणा आला की आधी तो कप बघायचा, मगच चहाचा मिळायचा.

मामी झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, “सकाळी उठव गं. तुझा बॅकहँड ढिला पडायलाय.”

उठवायला गेले, तर उठल्या नाहीत.

माती देताना सगळे बेल-फूल वाहत होते. नसीमआपा पुढं आल्या. ओढणीच्या गाठीतून त्यांनी तेच फूल काढलं, एक पीस तुटलेलं. वाहायला गेल्या, तर फूल निसटलं आणि जमिनीवर पडलं.

आपांचा चेहरा उतरला. त्यांनी फूल उचललं, ओढणीनं पुसलं, कपाळाला लावलं आणि रडत रडत माझ्या सासऱ्यांना विचारलं, “भाऊ, पडलं की वो. आता चालतं का हे?”

मामा चारचौघांत कधी बोलत नाहीत. शांतपणे म्हणाले, “वाहा, आपा. तिला चालतंय. महादेवाची माफी तिनं कवाच मागून ठिवलीय.”

म्हणून हसले मी. आपाही हसल्या, रडता रडता.

मामी, आज वर्ष झालं. सकाळी इनडोअरला जाऊन आले. बॅकहँड अजून ढिलाच आहे, पण फूल पडू देत नाही.

शरणू शरणार्थी, मामी.