राखून ठेवलेला गडी

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या एसटीत शेजारचा माणूस मोबाईलवरच्या गेममध्ये बेसबॉलचा संघ चालवत होता. हंगाम अमेरिकेतला, शंभरेक वर्षांपूर्वीचा. खेळाडू खरे, निर्णय मात्र याचे. घाटातल्या वळणांवर तो माझ्या अंगावर कलंडायचा, पण नजर मोबाईलवरून हलायची नाही. हंगामाचा शेवटचा सामना अटीतटीला आला, तरी चेंडू फेकणारा त्याचा सगळ्यात भारी गडी बाहेरच बसलेला.

"अहो, त्याला आणा की!" मी न राहवून म्हणालो.

"नाय. खऱ्या हंगामात त्याला रोज खेळवला न हात कायमचा गेला त्याचा. माझ्या टीममदी नाय जानार."

सामना गेला, चषकही गेला. मोखाड्याला तो शीळ घालत उतरला. कधी न पाहिलेल्या त्या गड्याचा हात वाचला, म्हणून मलाही उगीच बरं वाटलं.