मुकादम मॅडमची अक्कलदाढ

मुकादम मॅडम दार कोपरानं उघडायच्या. कॉलेजचं, स्टाफरूमचं आणि कर्जतच्या स्वतःच्या घराचंसुद्धा. दोन्ही हात छातीशी, बोटं वर, आणि कोपराचा एक झटका. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं मनगट दुखावलंय. मी धावत जाऊन दार उघडून दिलं. आभार वगैरे राहिले बाजूलाच, त्यांनी माझ्या हाताकडं बघून विचारलं, "हात कुठं होता?"

"कुठं म्हणजे, मॅडम?"

"आत्ता दाराला लागला. त्याच्या आधी कुठं होता?"

मला काही केल्या आठवेना. मॅडम खूश झाल्या. "कुणालाच आठवत नाही गं. म्हणून तर मला नोकरी आहे."

खालापूर तालुक्यातल्या आमच्या डेंटल कॉलेजात त्या दात काढायला शिकवायच्या, असं वेळापत्रकावर लिहिलेलं असे. खरं तर त्या हात सांभाळायला शिकवायच्या, दात त्या ओघात निघायचे. तिसऱ्या वर्षाला त्यांनी आमच्यासमोर सरावाचे रबरी तोंडाचे पुतळे मांडले आणि प्रत्येकाच्या तोंडात रंगपंचमीचा उरलेला लाल रंग कालवून ओतला. म्हणाल्या, "ही लाळ. आता नेहमीसारखं काम करा." आम्ही ग्लोव्ह घालून मोठ्या रुबाबात कामाला लागलो. तास संपला तेव्हा लाल रंग दिव्याच्या दांड्यावर होता, ड्रॉवरवर होता, पेनांवर होता, आणि आमच्या बॅचचा हिरो निनाद, त्याच्या उजव्या कानावरही होता.

"मॅडम, कानाला कधी लागला?" निनादनं भाबडेपणानं विचारलं.

"तुला तो फोन आला ना, ज्यासाठी तू खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलत होतास, तेव्हा." सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "ग्लोव्ह घातला की तुम्हाला वाटतं हात धुतले. ग्लोव्हनं तू वाचलास बाबा. दिव्याचं काय, ड्रॉवरचं काय, पुढच्या पेशंटचं काय?"

त्यांचा धाक होता, पण त्यांच्या घरी जेवायला बोलावणं आलं की आम्ही उड्या मारत जायचो. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा त्यांच्यासारखा मी अजून कुठं खाल्लेला नाही. अंगणात एक लिंबाचं झाड होतं, त्याची पानं एका वर्षी पिवळी पडली. निनाद शेतकऱ्याच्या घरचा. तो म्हणाला, "मूठभर युरिया टाका, मॅडम." मॅडमनी एक कोवळं पान तोडून त्याच्या नाकासमोर धरलं. "नीट बघ. शिरा हिरव्या आहेत, मधलं पिवळं आहे, आणि पिवळी पडलीत ती शेंड्याची नवी पानं. याला नत्र नाही, लोह कमी पडतंय. लोह या मातीत आहे भरपूर. पण गवंड्यांनी इथं चुन्या-सिमेंटचा राडा ओतला, त्यामुळं ते मुळाला मिळत नाही." मग त्यांनी आमच्याकडूनच तो राडा उपसून घेतला आणि खड्डा शेणखतानं भरला. फुकटचे मजूर मिळावेत म्हणून जेवायला बोलावतात, असं निनादचं मत पडलं, ते त्यानं भाकरी संपल्यावर सांगितलं.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ते काविळीचं प्रकरण झालं. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातून आमच्याकडं नेहमी पेशंट यायचे. तिथला एक तरणा मुलगा आमच्याकडं दात काढून गेला आणि पुढं त्याला कावीळ झाली. बस्स. कॉलेजच्या चिमट्यानं कावीळ होते, असं एका बाजाराच्या दिवसात सगळीकडं झालं. आधी त्या गावचे पेशंट थांबले, मग शेजारच्या गावांचे. ओपीडीतल्या खुर्च्या ओळीनं रिकाम्या. परीक्षेला बसायला ठरावीक कामं पुरी व्हावी लागतात, त्यामुळं आमचे जीव टांगणीला लागले होतेच. पण त्याहून वाईट म्हणजे गावातले लोक सुजलेल्या गालांनी, दुखऱ्या दाढेत मिश्री दाबत आणि मेडिकलमधल्या गोळ्या गिळत दिवस काढत होते.

मॅडमनी पहिल्यांदा चौकशी केली. मुलाचे रिपोर्ट पाहिले, सरकारी दवाखान्यात बोलल्या. ती दूषित पाण्यातून होणारी कावीळ होती, गावातल्या आणखीही काही जणांना झाली होती. आमचा संबंध नव्हता. कॉलेजनं लगेच फलक करायला घेतले, 'अफवांवर विश्वास ठेवू नका.' मॅडमनी ते थांबवले. बैठकीत त्यांचा आवाज चढला तो आम्हाला बाहेर ऐकू आला. "आपल्याकडून झाली नाही, हे खरं. पण होणार नाही, हे त्यांनी का मानावं? आपण कधी दाखवलंय का त्यांना? माझ्या लिंबासारखंच आहे हे. मातीत असून उपयोग काय, पानापर्यंत पोचायला नको?"

बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "माझी वरची अक्कलदाढ किडलीय. बरेच दिवस टाळतेय. तू काढायची. त्यांच्या गावात, त्यांच्यासमोर."

मी म्हटलं, "मॅडम, एखाद्या सरांना सांगा ना."

"सर त्यांचे दात काढणार आहेत का? तुम्ही काढणार आहात. मग त्यांनी तुमचेच हात बघायला पाहिजेत."

रविवारी गावच्या समाजमंदिरात आम्ही घडीची खुर्ची मांडली. माणसं जमली, पण भिंतीला पाठ लावून, लांब. पुढं फक्त गणपतदादा बसले होते, त्या कावीळ झालेल्या मुलाचे काका. त्यांचा स्वतःचा डावा गाल चांगलाच सुजलेला होता. मॅडमनी सांगायला सुरुवात केली, "कावीळ पाण्यातून आली, ते तुम्हाला दवाखान्यात सांगितलंय."

"सांगितलंय," गणपतदादा म्हणाले. "पन तुमची हत्यारं आमी कुटं बघितलीत?"

"तेच दाखवायला आलेय." मॅडमनी हत्यारांची बंद पाकिटं त्यांच्या हातात दिली. "वाफेत नीट शिजली की ही खूण काळी होते. काळी नसली तर या पोरीला मला हात लावू देऊ नका. आणि माझ्या तोंडाकडं बघत बसू नका, हिच्या हातांकडं बघा. माझ्या तोंडातून निघून हात भलतीकडं लागला, तर लगेच सांगा. लाजू नका, ही माझीच विद्यार्थिनी आहे."

गणपतदादांनी एकेक पाकीट उजेडाला धरून पाहिलं आणि निनादकडं दिलं. मी इंजेक्शन दिलं, दाढ बधिर झाली, हिरडी सोडवली. पंखा नव्हता. घाम कपाळावरून उतरला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि मी बोटानं तो वर ढकलला. रोज करते तसा.

"बाय," गणपतदादा शांतपणे म्हणाले, "चष्म्याला हात लागला गं तुजा."

गेलं, सगळं गेलं, मॅडमची अब्रूसुद्धा, असं वाटलं. मॅडमकडं पाहिलं तर त्या अर्ध्या बधिर तोंडानं हसत होत्या आणि खुर्चीच्या हातावर टाळी दिल्यासारखी थाप मारत होत्या. मी ग्लोव्ह काढून टाकले, बादलीपाशी गेले, साबणानं हात धुतले, नवे ग्लोव्ह घातले. घाई केली नाही. निनादनं माझा चष्मा स्पिरिटनं पुसून दोरीनं डोक्यामागं बांधला. परत आले तेव्हा भिंतीपाशी कुणीच नव्हतं. सगळे खुर्चीभोवती गोळा झाले होते आणि माझ्या बोटांवर अशी नजर ठेवून होते, की आमच्या परीक्षकांनीही कधी ठेवली नसेल.

"आता बरोबर हाय," मागून एक म्हातारी म्हणाली. "हितंच ठेव हात. कुटं नेऊ नको."

दाढ सुटली. अख्खी, तिन्ही मुळांसकट. मी ती चिमट्यात वर धरली आणि समाजमंदिरात जो आवाज उठला, तो गावच्या कबड्डीलाच मी ऐकलाय. मॅडम तोंडात कापसाचा बोळा धरून उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलता येत नव्हतं. डोळे भरले होते. त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. इतका आनंद मला पुढं पदवी हातात पडली तेव्हाही झाला नाही.

खुर्ची रिकामी होती. निनादनं ती पुसली, नवं प्लास्टिक चढवलं. गणपतदादा उठले. सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाले, "चूक झाली तं पुन्ना हात धुतलास, ते बघितलं मी. सांग आता कुटं बसायचं ते." ते बसले, पाकिटाची खूण पुन्हा एकदा बघून घेतली आणि तोंड उघडलं.

त्यांचं झाल्यावर मी नवे ग्लोव्ह चढवले आणि म्हटलं, "पुढचा."

दोघं एकदम उठले, आणि आधी कोण यावरून भांडायला लागले.