करमणूक शाखेचं कुलूप

"वर जा बाई. करमणूक शाखा. तुमचं काम तिथंच होईल," पाणीटंचाई शाखेतला बाबू माझ्या मायला म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे दोघे मान खाली घालून हसले.

माय अनवाणी उभी. कचेरीच्या दारातच तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. गावात पाटलाच्या ओट्यापुढे काढतात तशा.

आमची वस्ती अमडापूरच्या पुढे. उन्हाळ्यात टँकर येतो, पण तो गावातल्या विहिरीत रिकामा होतो. त्या विहिरीत आमच्या बायकांनी दोर सोडायचा नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. गावाचं भरून झालं, कुणाला दया आली, तर वरून आमच्या घागरीत ओततात. टँकर वस्तीत यावा, एवढंच मागायला आम्ही जिल्ह्याला आलो होतो.

जिना चढलो. पाटी होती : करमणूक कर शाखा. दाराला कुलूप, कुलपाला गंज. बाहेर स्टुलावर शिपाई बसलेला.

"हे तं कवाचंच बंद झालं, पोरी. तो करच गेला, पाटी राह्यली. कोणी जास्त विचारलं का खालून इकडंच धाडतात."

तोही हसला. म्हणजे रोजचा खेळ होता हा. यांच्याकडे टंचाई शाखा आहे, टपाल घेणारी बारनिशी आहे, संकीर्ण शाखासुद्धा आहे, तिथं काय चालतं देव जाणे. माणसाचं ऐकून घेणारी शाखा कुठल्याच मजल्यावर नाही.

माय म्हणाली, "जाऊ दे वं. साहेब हसून तं बोलले."

तेच झोंबलं. पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला हसून वाटेला लावलं, आणि आम्ही त्यालाच माया समजलो. डोकं तडकलं माझं. तिचा दंड धरून मी खाली आले, थेट त्या बाबूच्या टेबलापुढे. त्याच्या मागे थंड पाण्याचा जार काठोकाठ भरलेला.

"माय, पहिले चपला घाल."

ती इकडंतिकडं बघू लागली. पण घातल्या. मी खुर्ची ओढून तिला बसवलं.

"कुलूप पाहून आलो आम्ही," मी बाबूला म्हटलं. "आता टँकर वस्तीत कवा येते, ते सांगा."

या वेळी कुणी हसलं नाही. बाबूनं फायलीत डोकं खुपसलं. कचेरी बंद होईपर्यंत आम्ही तिथंच बसलो आणि हात हलवत घरी आलो.

सोमवारी वस्तीतल्या सगळ्या बाया येणार आहेत. रिकाम्या घागरी घेऊन, चपला घालून, त्याच टेबलापुढे. आणि तरीही टँकर गावच्याच विहिरीवर उभा राहिला, तर त्या विहिरीत दोर मी सोडणार आहे. सगळ्यांच्या आधी.