सिस्टरबाईंचे वीस दिवस

सिस्टरबाई बाळंतिणीच्या घरात शिरल्या की बाळाकडे नंतर बघायच्या, आधी आरशाकडे. आरसा भिंतीकडे फिरवायच्या आणि मगच हात धुवायच्या. आमच्या रिहे गावातल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनीच कापलेली.

त्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू. बोलणं आमच्यासारखंच मराठी, फक्त शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. चौकटीवर खडूने त्यांच्या लिपीत तीन देवदूतांची नावं लिहायच्या. मुलगा झाला तर आठ दिवस आणि मुलगी झाली तर वीस दिवस ती पुसायची नाहीत. माझी लेक झाली तेव्हा मी विचारलं, ही कुणासाठी?

"लिलिथसाठी," त्या म्हणाल्या. "आदमची पहिली बायको. म्हणाली, एकाच मातीची आहोत, मग खाली मीच का? तो ऐकेना, तेव्हा देवाचं गुप्त नाव उच्चारून उडून गेली. हे तिघं आणायला गेले, पण परतली नाही. म्हणून रोज तिची शंभर लेकरं मरतात आणि ती दुसऱ्यांच्या पाळण्यापाशी येते, आरशात दडून बसते. पण ही नावं दिसली की मागं फिरते, तसं वचन दिलंय तिनं त्या तिघांना. शब्दाची पक्की आहे गं."

मला हसू आलं.

"माझी एकोणिसाव्या दिवशी गेली," त्या म्हणाल्या. "सणाचं म्हणून मीच चौकट धुतली होती."

बाराव्या दिवशी बारसं. सासूबाईंनी चौकट रंगवली, नावं गेली. सिस्टरबाई आल्या आणि बघून पांढऱ्याफटक पडल्या. खडू काढला, तशा सासूबाई आडव्या आल्या.

"सोताचं लेकरू गेलं, आन लोकांच्या पाळण्यापाशी बसताय. ती बया तुमीच तर न्हाई?"

सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लेकीला छातीशी धरून आत गेले. भ्याले होते, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवसापासून त्या समोरच्या जांभळीखाली दिवसभर बसू लागल्या, आमच्या घराकडे पाठ करून. सगळे म्हणाले, रागानं पाठ फिरवलीय. विसाव्या दिवशी संध्याकाळी उठल्या आणि पिरंगुटच्या बसने गेल्या, त्या कायमच्याच. मी झाडापाशी गेले, तर बुंध्याला एक पाटी टेकवलेली होती. पाटीवर तीन नावं, रस्त्याकडे तोंड केलेली.

लेक आता शाळेत जाते. मला पुन्हा दिवस गेलेत. सिस्टरबाईंची माफी मागायची राहून गेली, ते रोज सलतं. जपून ठेवलेली ती पाटी आजच बाहेर काढली. खडू पार पुसट झालाय, आणि ती अक्षरं मला लिहिता येत नाहीत.