येसकराचं मत

माझ्या बापाच्या हातात घुंगरांची काठी दिली, खांद्यावर घोंगडी टाकली, आणि आप्पाशेठ माईकवरून म्हणाले, “आता कसा शोभतोय आपला येसकर!”

मैदानात हशा पिकला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाबाही हसले. त्यांचं ते कसंनुसं हसू मला अजून छळतं.

बदलापूरच्या ज्या कॉलेजच्या मैदानात हे चाललं होतं, तिथे मी इतिहास शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की उपाशी. कॉलेज आप्पाशेठच्या संस्थेचं. बाबांची अंबरनाथची कंपनी बंद पडली होती. भाऊ घरी बसून होता. उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पातली आमची भाड्याची खोली, आईची औषधं, सगळं माझ्या तासांवर. आप्पाशेठ दर वर्षी म्हणायचे, “पुढच्या जूनला कायम करतो तुला.” असे किती जून गेले.

त्या वर्षी मतदारसंघांची फेररचना झाली. अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आप्पाशेठच्या घराण्यात त्याने आग लागली. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळात इथल्या ग्रामीण मतदारसंघातून निवडून गेले होते. जागा गेली तरी घराण्याचं नाव राहावं म्हणून त्यांनी सोहळा काढला. आजोबांचा फोटो, स्मरणिका, निवडणुकीचा देखावा. मला बोलावून म्हणाले, “मॅडम, त्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास तुम्हीच लिवा. आता जागा तुमच्याकडंच जानार. घ्या. पन मान ठेवा.”

मी मान खाली घालून हो म्हटलं.

पण लिहायला बसले आणि लबाडी जमेना. तेव्हा उल्हासनगर नव्हतंच, नुसता माळ होता. आसपासची खेडी मिळून तो मतदारसंघ. पण खेड्यातल्या सगळ्यांना मत कुठे होतं? ज्याची जमीन, ज्याचा सरकारी सारा भरलेला, त्याला मत. शिकलेल्याला मत. कुळांना नाही. कातकऱ्यांना, ठाकरांना नाही. बायका तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. आणि आम्हा अस्पृश्यांसाठी कायद्याने एक वेगळंच दार ठेवलेलं. लिहिता-वाचता येत असेल तर मत. नाहीतर गावकीचं हलकं काम करत असाल तर मत.

माझ्या पणजोबांना अक्षर येत नव्हतं. पण ते आप्पाशेठच्याच गावचे येसकर होते. वेशीची राखण करायची, मेलेली ढोरं ओढायची, साहेबाच्या गाडीपुढे घुंगरांची काठी आपटत पळायचं. ह्या कामामुळे त्यांना मत मिळालं. काम सोडलं असतं तर मतही गेलं असतं. माणूस म्हणून नाही, राबतो म्हणून मत.

मतदानाच्या दिवशी काय झालं ते बाबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. पणजोबा कल्याणपर्यंत आप्पाशेठच्या आजोबांच्या गाडीपुढे पळत गेले. मोठी माणसं मत टाकून येईपर्यंत उन्हात बाहेर उभे राहिले. मग मालकाने सांगितलं तिथे मत टाकलं आणि पुन्हा गाडीपुढे पळत गावात आले. त्यांचं पहिलं मत ते असं.

मी हे सगळं लिहिलं. आप्पाशेठनी वाचलं आणि पानं बाजूला सारली. “कशाला पायजेल हे? चांगल्या कामात अपशकुन.” मी पानं उचलून पिशवीत घातली. जून जवळ आला होता.

मग मला न विचारता त्यांनी देखाव्यासाठी बाबांना बोलावलं. बैलगाडीत त्यांचा मुलगा, आजोबांचा कोट-फेटा घालून. गाडीपुढे येसकर पाहिजे. “तुमच्याच घराचा मान हाये,” म्हणाले. बाबांनी मान डोलावून होकार दिला. मला सांगितलंही नाही.

ज्यांच्या वडिलांनी धर्मांतराच्या साली गावकी सोडली, ते माझे बाबा. रोज विहारात वंदना सांगणारे. ते साठीच्या वयात गाडीपुढे पळायला लागले. धाप लागली तरी काठी आपटत होते. माझ्या वर्गातली एक सिंधी मुलगी शेजारी उभी होती. तिने हळूच विचारलं, “मॅडम, वो आपके फादर हैं ना?”

“हां,” म्हटलं, आणि मी प्रेक्षकांपुढची दोरी ओलांडून गाडीच्या पुढ्यात गेले.

“बाबा, काठी खाली ठेवा.”

“बाजूला हो गं,” बाबा धापा टाकत पुटपुटले. “तुझ्यासाठीच करतोय. जूनमध्ये कायम करणार आहेत तुला. एक चक्कर, झालं.”

त्यांना सगळं कळत होतं. कळूनही ते पळत होते.

“नको मला ती नोकरी.”

आप्पाशेठ माईक सोडून आले. “मॅडम, नाटक हाये हे. येवढं काय मनाला लावून घेता?”

“नाटक आहे ना? मग काठी तुमच्या मुलाला द्या. माझे बाबा गाडीत बसतील.”

आप्पाशेठचा चेहरा काळा पडला. “खाली उतरवनार काय माझे पोराला? लायकी बघून बोल.” मॅडमची मी एका क्षणात ‘तू’ झाले. नाटक तिथेच संपलं.

मी बाबांच्या हातातली काठी ओढून घेतली. ते सोडत नव्हते. खरं सांगते, माझ्या बापाशी मला झोंबावं लागलं. मग ती मी गाडीखाली फेकली.

जूनमध्ये मला तासही मिळाले नाहीत. आईची औषधं अर्ध्यावर आली. बाबा एवढंच म्हणाले, “घर बुडवलंस तू.” घर खरंच बुडत होतं. आता मी कॅम्पात एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. शेठ लोक मला ‘ए बाई’ म्हणतात.

तरी पश्चात्ताप नाही. सोहळे पुन्हा होतील, मतं मागायला पुन्हा येतील, आणि आमच्यातल्याच कुणाला तरी मान म्हणून गाडीपुढे पळवतील. मी आडवी येणार. समोर आप्पाशेठ असोत, नाहीतर माझ्याच पोटासाठी पळणारा माझा बाप.