माहितीदार स्त्री, वय अंदाजे चाळीस

“ओव्या? तुमच्याकडं?”

सर हसले. मोठ्यानं नाही. खोलीत त्यांचे विद्यार्थी बसले होते, तेही हसले. एक मुलगी तेवढी वहीत बघत राहिली.

मी पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधत पुण्याला गेले होते. प्रवेश परीक्षा पास झाले होते. भोरला एका कॉलेजात तासावर मराठी शिकवत होते. तासावर म्हणजे पावसाळ्यात घेतात, उन्हाळ्यात सोडतात. पुढच्या वर्षी घेतीलच असं नाही. पीएचडीला नाव लागलं असेल तर घेतात, असं प्राचार्य म्हणाले होते.

सरांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग पुन्हा आडनाव. आडनाव दुसऱ्यांदा विचारलं की मला कळतं.

माझा विषय होता वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या बायकांच्या ओव्या. सर म्हणाले, “ओवी ही शेतकरी घरातली गोष्ट. मराठा, कुणबी. तुमच्याकडं जयंतीची गाणी असतात. नाहीतर असं करा, आत्मकथनं घ्या. तुम्हाला सोपं जाईल.”

सोपं जाईल.

“सर, माझी आई ओव्या म्हणते,” मी म्हणाले.

“म्हणत असेल. एकट्या आईवर पीएचडी होत नाही.” परत हसू. “आधी काय काम झालंय ते बघून या. सगळे प्रबंध ऑनलाइन आहेत आता. सर्च करता येतो ना?”

“येतो.”

“मग करा. आपल्याच विषयात नाही, सगळ्या विषयांत बघा. मग बोलू.”

राग आला का? नाही आला. काहीच आलं नाही. जिना उतरले, स्वारगेटला आले, भोरची एसटी लागली होती, बसले. कामथडी मागं पडलं तेव्हा हातातलं तिकीट बघितलं. ते कधी काढलं, कंडक्टरशी काय बोलले, आठवेना.

कॉलेजच्या ग्रंथालयात कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे. तास संपल्यावर तिथं बसले. विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेली साइट उघडली. सर सांगत होते म्हणून सगळे विषय निवडले. शोधायच्या चौकटीत ‘वेल्हे’ टाकलं. मग ‘वेल्हा’. मग इंग्रजीत, ज्याला जसं सुचेल तशा स्पेलिंगनं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तेही टाकलं. तर किल्लेच किल्ले आले. ते सोडून दिलं.

बाकीचं वाचत गेले.

भूगोलात आमचा डोंगर होता. पाऊस किती, माती किती वाहून जाते. वनस्पतीशास्त्रात आमची झाडं होती, कुठल्या पाल्यानं जखम बांधतात ते होतं. पाला दाखवणाऱ्याला ‘स्थानिक रहिवासी’ म्हटलं होतं. शेतीत आमचा भात होता. समाजशास्त्रात धरणाखाली गेलेल्या वाड्या होत्या. गृहविज्ञानात बायकांचं रक्त होतं. कुणाचं किती कमी, त्याचं कोष्टक. कोष्टकात जातीचा रकाना. त्या रकान्यात आमची जात, नीट, सगळीकडं एकाच पद्धतीनं लिहिलेली. मला तो दिवस आठवतो. आईच्या बोटाला सुई टोचली होती आणि चॉकलेटी रंगाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या आकड्यांतला एक आकडा माझ्या आईचा. कुठला ते कळायला मार्ग नाही.

आमच्या खोऱ्यावर एवढे लोक डॉक्टर झाले होते. आमच्या वस्तीतलं त्यात कुणी नव्हतं. आम्ही सगळे आतल्या पानांत होतो.

मी हे वाचत होते आणि मला भूक लागली होती. एवढंच जाणवत होतं.

मराठी विषयातला प्रबंध शेवटी उघडला. लोकगीतांवरचा. ‘कुणबी स्त्रीचे भावविश्व’ नावाचं प्रकरण. त्यात मधेच ही ओवी:

कानंदी नदीबाई, पाणी तुझं गं वढीचं
सांग जा माहेराला, लुगडं फाटलं घडीचं

आम्ही पासलीच्या पुढं, नदी जिथं अजून ओढ्याएवढी आहे तिथं राहतो. आईचं माहेर खाली, विंझरच्या अंगाला. नदी आमच्याकडनं तिच्या माहेराला जाते. ही ओवी आईनं स्वतः जुळवलेली आहे. माझ्या जन्माच्या आधी. गावात दुसरं कुणी ती म्हणत नाही, कारण दुसऱ्या कुणाचं माहेर तिथं नाही.

ओवीखाली लिहिलं होतं, ‘माहितीदार स्त्री, वय अंदाजे चाळीस, शेतकरी.’ शेजारी फोटो. आई जात्यापाशी. डोळे अर्धे मिटलेले.

मग सगळं आठवलं.

मी चौथीत असेन. वस्तीवर जीप आली होती. एक बाई उतरल्या, गळ्यात कॅमेरा, हातात टेप. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हौसाचा गळा चांगला आहे. हौसा म्हणजे माझी आई. आई लाजली, तोंड धुऊन आली, पदर डोक्यावर घेऊन बसली. आणि तिला सगळ्यात आवडणारं गाणं सुरू केलं. जयंतीला विहारात ती पुढं उभी राहून म्हणायची ते.

बाईंनी टेप बंद केला.

“हे नको. जुनं म्हणा. दळताना म्हणता ते.”

आईला वाटलं चाल आवडली नसेल. तिनं जयंतीचंच दुसरं धरलं.

“अहो, हे नकोय मला. हे राजकारण झालं. पारंपरिक म्हणा, पारंपरिक.”

आईला तो शब्द माहीत नव्हता. मग कुणीतरी तिला जात्यापाशी नेऊन बसवलं. जात्यात दाणे नव्हते. रिकामं जातं फिरवत आई ओव्या म्हणाली. रिकाम्या जात्याचा आवाज कसा असतो ते मला तेव्हापासून माहीत आहे.

आईनं पाण्याचा तांब्या आणला. बाई म्हणाल्या, “नको, माझं पाणी आहे.” बाटली दाखवली. ठीक. जीप वरच्या आळीला, कुणब्यांच्या घरांकडं गेली, आम्ही पोरं मागं धावत गेलो. तिथं ओट्यावर बसून बाई बशीतनं चहा पीत होत्या. शेजारी पाण्याचा तांब्या होता. तो रिकामा करून त्यांनी आणखी मागितला.

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश आहे. त्यात त्यांनी लिहिलंय की या माउल्यांच्या घरचं पाणी मी प्याले, त्यांच्या चुलीपाशी बसले, त्यांनी मला लेक मानलं.

मी त्या पानांची आणि बाकीच्या प्रबंधांतल्या पानांची प्रिंट काढली. ग्रंथालयातल्या मॅडम म्हणाल्या, “मिळालं का हवं ते?” मी हो म्हणाले.

शनिवारी गावाला गेले. आई दारात तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसून वाचून दाखवलं. ओवी आली तेव्हा तिचा हात थांबला. मग परत खडे वेचायला लागली.

“फोटू हाय का?”

दाखवला. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला.

“पदर सरकलाय. सांगायचं न्हाई व्हय तिनं?”

कागद परत देत म्हणाली, “नाव लिवलंय का माजं?”

“न्हाई.”

“मग कुणाचं म्हनून लिवलंय?”

“कुणब्याच्या बाईचं.”

आईनं सूप हलवलं, फोलपट उडालं.

“आन आपली जात? ती कुटंच न्हाई?”

“हाय की. रक्ताच्या कागदात हाय.”

“तितं बराबर लिवत्यात,” आई म्हणाली. आणि उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली असेल. आत बघितलं तर डब्यातलं पीठ काढत होती. मी यायचे त्या दिवशी ती भाकरी करायचीच.

मी दारात बसून राहिले. मला रडू येत नव्हतं. यावं असं वाटत होतं. समोरच्या पायवाटेनं कुणी कुणी जात होतं, “कधी आलीस?” म्हणत होतं, मी उत्तर देत होते. आत परातीवर भाकरी थापल्याचा आवाज. जेवताना आई एकदाच बोलली. “त्या बाईला मी दिलं ते तिनं मागितलं म्हनून. मला द्यायचं व्हतं ते तिनं घेतलंच न्हाई.”

पुढच्या आठवड्यात परत सरांकडं गेले. प्रिंट टेबलावर ठेवल्या. सरांनी चाळल्या. लोकगीतांच्या प्रबंधावर थांबले.

“हे उत्तम काम आहे. हे वाचलंत ते बरं केलंत.”

“सर, ही ओवी माझ्या आईची आहे. हा फोटो माझ्या आईचा आहे.”

सरांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. “इंटरेस्टिंग,” म्हणाले. मग म्हणाले, “पण मग तर विषय झालेलाच आहे. तुम्ही नवीन काय करणार?”

“आम्ही कुणबी नाही, सर. यात चुकीचं लिहिलंय. आईनं आधी जयंतीची गाणी म्हटली होती, ती यात नाहीत. दोन्ही एकाच बाईची आहेत. ते मला लिहायचंय.”

“भावनिक होऊ नका. संशोधन आहे हे.”

मग त्यांनी त्या दिवशी वहीत बघत राहिलेल्या मुलीला पुढं बोलावलं. त्यांची विद्यार्थिनी, पुण्याचीच. म्हणाले, “हिला तुमच्या मावळातली गाणी हवी आहेत. बाहेरचं कुणी गेलं की बायका बोलत नाहीत. तुम्ही हिला घेऊन जा. तुमच्या आईला सांगा, आणखी चार जणींना बसवा. रेकॉर्डिंग झालं की तुमचं ॲडमिशन आपण करून टाकू. माझ्याकडं एक जागा आहे. आत्मकथनांचा विषय देतो. विषय बदलला की सगळं सरळ आहे.”

सरांचा आवाज गोड होता. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करतायत.

जागा समोर होती. हो म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी तास मिळाले असते. मी त्याचा विचार केला. नाही केला असं नाही.

“प्रबंधात नावं येतील का?” मी विचारलं.

“कुणाची?”

“गाणाऱ्या बायकांची.”

“माहितीदारांना क्रमांक देतात. पद्धत आहे ती.”

“मग न्हाई.”

“काय?”

“न्हाई आणणार मी हिला. गाणी न्हाई देणार.”

भोरला शिकायला आल्यापासून ‘न्हाई’ मी तोंडातून काढून टाकलं होतं. वर्गात हसतात म्हणून. घासून घासून ‘नाही’ केलं होतं. ते त्या खोलीत आपोआप आलं, दोनदा आलं, आणि मी दुरुस्त केलं नाही.

“जागा दुसऱ्याला जाईल,” सर म्हणाले.

“जाऊ द्या.”

“काय बोलताय कळतंय का तुम्हाला?”

“व्हय.”

मी प्रिंट उचलल्या. त्यांच्या टेबलावर आईचा फोटो राहू द्यायचा नव्हता. कुणी हसलं नाही. त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं.

जागा गेली. पावसाळ्यात कॉलेजनं तास दुसऱ्या कुणाला तरी दिले. प्राचार्य म्हणाले, तुमचं पीएचडीचं काही झालं नाही ना. भोरची खोली सोडली. विंझरला एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. घरून जाऊन येऊन करते. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. बरेच दिवस कशाचीच चव लागत नव्हती.

दिवाळीनंतर ती मुलगी स्वतःच गाडी करून वस्तीवर आली. मी घरी होते, पण दारातच उभी राहिले, मधे पडले नाही. ती आईला म्हणाली, “मावशी, मला तुमची गाणी रेकॉर्ड करायची आहेत.”

आईनं तिला बसायला सतरंजी टाकली. म्हणाली, “कर की. नाव लिवशील का?”

“हो, माझ्याकडं नोंद राहील.”

“तुज्याकडं न्हाई गं. पुस्तकात. हौसा म्हनून. आन जात बी आमचीच.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी काही मदत केली नाही. ती म्हणाली, “सरांना विचारावं लागेल.”

“मग इचारून ये,” आई म्हणाली.

ती गेली. परत आलेली नाही.

मी आता मोबाईलवर बायकांचा आवाज घेते. बाई आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगते, गाव सांगते, सांगायची असेल तर जात सांगते, मग तिला हवं ते म्हणते. जुनं, नवं, देवाचं, जयंतीचं, शिव्या असलेलं. मी काही बंद करत नाही. वरच्या आळीतल्या दोघीजणी पण येऊन म्हणून गेल्या. त्यांचीही नावं आधीच्या कुठल्या प्रबंधात नाहीत.

दुसऱ्या दोन विद्यापीठांना अर्ज केला. एकानं उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं की विषयाची व्याप्ती फार कमी आहे, बदलून पाठवा. मी तोच परत पाठवला. एक अक्षर बदललं नाही. उद्या परत आला तर परत पाठवीन.

मार्गदर्शक मिळाला तर त्याच्या हाताखाली लिहीन. नाही मिळाला तर तशीच लिहीन. पदवी द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं. पण या खोऱ्यातलं एकही गाणं आता बाईच्या नावाशिवाय बाहेर जाणार नाही. मी जाऊ देणार न्हाई.